डेटा एन्ट्रीचं काम हवंय? आधी कागदांचा ढीग शोधा

रात्री साडेनऊला शेजारची पोरगी दारात उभी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, एरवी हाक न मारता थेट स्वयंपाकघरात येते. त्या दिवशी मात्र उंबऱ्यावरच थांबली.

"काकू, पोलीस घरी येतात का हो अशाने?"

मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ होती. वर अशोकस्तंभ, बाजूला तराजूचं चित्र, मधे लाल अक्षरांत 'लीगल नोटीस'. खाली सहा हजार आठशे रुपयांचा आकडा. चोवीस तासांत भरा, नाहीतर कोर्टात हजर व्हा.

तिने घरबसल्या डेटा एन्ट्रीचं काम घेतलं होतं, एवढंच. जाहिरात पाहून फोन केला, आधार कार्डाचा फोटो पाठवला, करारावर मोबाइलवरच बोटाने सही केली आणि सहा रात्री जागून फॉर्म भरले. "सगळे सांगतात ना काकू, पैसे मागितले की समजायचं फसवणूक आहे. यांनी तर एक रुपया मागितला नव्हता."

मी स्वतः बारा वर्षं घरातून एन्ट्रीचंच काम करते. दोन कर सल्लागारांची खरेदी-विक्रीची बिलं, एका दवाखान्याचं रजिस्टर, मधूनमधून एखाद्या वाचनालयाची पुस्तकांची यादी. त्यामुळे 'असं काही काम नसतंच, सगळी लबाडी आहे' असं मी तिला म्हणू शकले नाही. काम असतं. पण 'डेटा एन्ट्री वर्क फ्रॉम होम' असं शोधलं की जे समोर येतं त्यात ते क्वचितच असतं. का, ते नीट समजून घेतलं तर खरं काम कुठे शोधायचं तेही आपोआप कळतं.

त्या सहा दिवसांचं गणित

तिला पाचशे फॉर्म दिले होते. प्रत्येक फॉर्म म्हणजे एक चित्र. त्यात नाव, पत्ता, कर्जाचा नंबर आणि मधेमधे काहीच अर्थ नसलेली अक्षरं-आकडे. ते पाहून एका वेबसाइटवर टाइप करायचं. एका फॉर्मला साधारण हजार वेळा बटण दाबावं लागत होतं. मुदत सहा दिवस. अट अशी की नव्वद टक्के फॉर्म बरोबर आले तरच पैसे, नाहीतर 'सर्व्हर आणि सॉफ्टवेअरचा खर्च' उलट आपणच भरायचा.

पाचशे फॉर्म गुणिले हजार, म्हणजे पाच लाख वेळा बटण दाबणं. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत डेटा एन्ट्री ऑपरेटरला तासाला ८,००० बटणांचा वेग लागतो. काही कार्यालयांतल्या पदांना १५,००० मागतात, पण सर्वसाधारण मोजमाप आठ हजारांचं. त्या वेगाने पाच लाखांना साडेबासष्ट तास लागतात. सहा दिवसांत रोज जवळजवळ साडेदहा तास. पाणी प्यायला न उठता, तपासणी न करता. जिद्दीची पोरगी हेही करून टाकते. हिने केलंच होतं.

गळ वेगात नाही, त्या नव्वद टक्क्यांत आहे. नव्वद टक्के म्हटलं की आपल्याला परीक्षेचे मार्क आठवतात आणि वाटतं, एवढं तर जमेलच. पण इथे मोजायची पद्धत वेगळी. फॉर्ममध्ये एक अक्षर चुकलं की तो अख्खा फॉर्म बाद. आता समजा, टाइप करणारा फार चांगला आहे आणि हजार बटणांत त्याची एकच चूक होते. म्हणजे ९९.९ टक्के अचूकता. पण फॉर्मच हजार बटणांचा आहे, म्हणजे सरासरी दर फॉर्ममागे एक चूक. काही फॉर्मांत दोन-तीन पडतील, काही बिनचूक सुटतील. हिशेब केला तर शंभरातले साधारण सदतीस फॉर्म निर्दोष येतात. पाचशेपैकी सुमारे एकशे चौऱ्यांशी. हवे होते साडेचारशे. तेवढे यायचे तर साडेनऊ हजार बटणांत एकच चूक व्हायला हवी. इतक्या वर्षांत असा माणूस मी पाहिलेला नाही, आणि रात्री दोन वाजता अर्थ नसलेली अक्षरं टाइप करणारा तर नाहीच.

म्हणजे ती कमी पडली नव्हती. काम न जमण्यासाठीच बेतलेलं होतं. वर बरोबर-चूक ठरवणारे तेच, त्यामुळे समजा कुणी साडेचारशे बिनचूक दिलेच तरी अहवाल त्यांच्याच हातात.

खऱ्या धंद्यात चुकीचा बंदोबस्त कसा करतात, ते सांगते. महत्त्वाची माहिती असेल तर तोच कागद दोन माणसं वेगवेगळा भरतात. संगणक दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवतो आणि जिथे फरक पडेल तेवढंच तिसरा माणूस मूळ कागद काढून बघतो. दोघांनी एकाच जागी एकच चूक करण्याची शक्यता फारच कमी असते. माणूस चुकणार हे धरूनच ही घडी बसवलेली आहे. वारंवार चुकलात तर पुढचं काम मिळत नाही, दर कापला जातो, बोलणीही खावी लागतात. चुकलात म्हणून तुमच्याकडूनच वसुली, हे मात्र खरं काम देणारा करत नाही. तो वसुलीवर जगत नाही, त्याला त्याच्या गिऱ्हाइकाकडून पैसे मिळतात. या फॉर्मांना गिऱ्हाईकच नव्हतं.

नोटीस आली तर

आधी तिचा प्रश्न. नाही, पोलीस येत नाहीत. कराराप्रमाणे काम झालं नाही हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी अटक होत नाही. आणि करारात दंडाचा आकडा छापला म्हणजे तो द्यावाच लागतो असंही नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की आकडा लिहिलेला असला तरी न्यायालय त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देईल. शिवाय फसवून घेतलेल्या संमतीवर उभा असलेला करार, ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द ठरवून घेता येतो.

खरी नोटीस ओळखता येते. वकिलाचं नाव, पत्ता आणि बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक त्यावर सहसा असतो. महाराष्ट्र-गोव्यातल्या वकिलांच्या क्रमांकात राज्याचं संक्षिप्त रूप, आकडा आणि वर्ष असतं. खटला खरोखर दाखल झाला असेल तर त्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुणालाही टाकून बघता येतो. हिच्या नोटिशीवर 'केस नंबर' म्हणून सात आकडे होते आणि कोर्टाचं नाव नुसतंच 'हायकोर्ट, दिल्ली'. सहा हजार आठशेच्या वादासाठी थेट हायकोर्ट!

मी तिला एवढंच करायला लावलं. पैसे भरायचे नाहीत, कारण एकदा भरले की 'केस बंद करण्याची फी', मग 'ना हरकत दाखला', मग त्यावर जीएसटी अशी रांग लागते. सगळे मेसेज, करार, फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन. तिथे वेळेला किंमत असते, रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच हाती लागते. पुढेमागे खरंच कोर्टाचं समन्स आलं तर मात्र ते दुर्लक्षून चालत नाही. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. १५१०० हा त्यांचा मदतीचा नंबर.

फोन दोन दिवस येत राहिले. तिसऱ्या दिवशी थांबले. त्यांना दुसरी कुणी सापडली असेल.

बाकीचे प्रकार आता बऱ्याच जणांना माहीत झालेत, म्हणून भराभर सांगते. नोंदणी फी, ट्रेनिंग किट, लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारे जुनेच. टेलिग्रामवर 'व्हिडिओला लाइक करा, पन्नास रुपये घ्या' म्हणणारे सुरुवातीला खरोखर पैसे देतात, आणि मग 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली तुमचे हजारो आत ओढतात. सगळ्यांत वाईट प्रकार म्हणजे 'तुमचं बँक खातं आम्हाला वापरायला द्या, महिन्याला भाडं देतो'. यात तुमचे पैसे जात नाहीत, म्हणून पोरं हसत हसत देतात. त्या खात्यातून दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरतात, खातं गोठतं आणि चौकशीला तुम्ही बसता. इथे मात्र पोलीस खरंच घरी येतात.

अनोळखी माणसाला कुणी काम का देईल?

जाहिरात बघताना हा एक प्रश्न विचारला तरी निम्मं धुकं निवळतं. समजा, माझ्याकडे दुकानाची तीन महिन्यांची बिलं आहेत. त्यांत पुरवठादारांचे दर आहेत, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आहेत. ती मी कुठल्यातरी गावातल्या, कधी न पाहिलेल्या माणसाला, फोनवर दोन मिनिटं बोलून देईन का? नाही. आधी ओळखीत विचारेन. नाहीच मिळालं तर पंधरा दिवस ऑफिसात येऊन बसायला सांगेन, हात बघेन, मग हळूहळू घरी नेऊ देईन. मोठ्या कंपन्या तर हे काम आपल्याच सुरक्षित यंत्रणेत, आपल्या किंवा कंत्राटी माणसांकडून करून घेतात.

म्हणून नवख्या माणसाला पहिल्या दिवसापासून शंभर टक्के घरून, तेही भरपूर पैशांचं एन्ट्रीचं काम मिळणं दुर्मीळ आहे. हे कडू आहे, पण एकदा गिळलं की शोधायची दिशा बदलते. 'डेटा एन्ट्री' हे शब्द शोधायचे सोडा आणि ज्याच्याकडे कागदांचा ढीग साचलाय असा माणूस शोधा.

आणि ढीग सगळीकडे आहेत. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही कर सल्लागाराकडे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत जाऊन बघा. जीएसटीच्या विक्रीच्या विवरणपत्राची तारीख ११, त्यामुळे टेबलावर पिशव्याच पिशव्या. हार्डवेअरवाल्याची पिशवी, मेडिकलवाल्याची पिशवी, त्यात चुरगळलेली बिलं. सीएच्या ऑफिसात, ज्यांनी नुकतंच मीशो किंवा फ्लिपकार्टवर विकायला सुरुवात केली त्या साडीवाल्यांकडे (प्रत्येक साडीचा रंग, कापड, लांबी, फोटो, सगळं भरायला लागतं), पतसंस्थेत, जुन्या वाचनालयात, सर्वेक्षणं करणाऱ्या संस्थांत, लग्नाच्या मोसमात मंगल कार्यालयातसुद्धा. यांतला कुणीही 'डेटा एन्ट्री ऑपरेटर पाहिजे, घरबसल्या' अशी जाहिरात देत नाही. तो चहा पिताना म्हणतो, "एखादं पोरगं असेल तर बघा हो, टॅलीवर बसणारं." टॅली म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर.

ऑनलाइन शोधायचंच असेल तर शब्द बदला. बॅक ऑफिस, टॅली ऑपरेटर, कॅटलॉग, एमआयएस (कंपनीच्या आकड्यांचे अहवाल), ट्रान्सक्रिप्शन (ऐकून टाइप करणं), कागदपत्रांचं इंडेक्सिंग. खऱ्या कामांची नावं अशी असतात. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचं महास्वयम् ही सरकारी पोर्टल्स फुकट आहेत. इंटर्नशाला, नोकरी डॉट कॉम, लिंक्डइन इथेही कामं येतात, पण तिथेही चोर शिरतातच, म्हणून जाहिरात दिसली की त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तीच जागा आहे का, ते बघा. कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव, जीएसटीच्या संकेतस्थळावर तिचा नंबर तपासता येतो. पण नाव खरं निघालं म्हणून हुरळून जाऊ नका. लबाड लोक खऱ्या कंपनीचंच नाव लावतात. त्यामुळे कंपनी आहे का, यापेक्षा बोलणारा माणूस त्या कंपनीचाच आहे का, हा प्रश्न मोठा. मेल कंपनीच्या पत्त्यावरून आला की साध्या जीमेलवरून, ते आधी बघायचं.

अपवर्क, फ्रीलान्सर ही परदेशी कामांची बाजारपेठ. 'पैसे मागितले की पळा' हा नियम इथे थोडा अडखळतो. अपवर्कवर अर्ज करायला 'कनेक्ट्स' लागतात, ते विकत घ्यावे लागू शकतात, आणि कमाईतून शुल्क कापलं जातं. ही फसवणूक नाही, बाजारात गाळ्याचं भाडं द्यावं तसं आहे. मात्र तिथला गिऱ्हाईक 'टेलिग्रामवर या, तिथेच व्यवहार करू' म्हणाला तर तो गिऱ्हाईक नव्हे. एक सांगते, नवख्या माणसाने नुसत्या एन्ट्रीसाठी तिथे उतरणं म्हणजे आख्ख्या जगाशी दराची मारामारी. मी सहा महिने करून पाहिली. माझ्या पिशव्या बऱ्या.

हातात काय असावं

टायपिंगचा वेग लागतोच. पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा असते, गावोगावी क्लास आहेत. राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग मागतात, तेवढा हात बसला तरी सुरुवातीला पुष्कळ. मराठी टाइप करणार असाल तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका. विंडोजमध्ये तो फुकट असतो आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणारी अक्षरं, लिहितो. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. छापखान्यात तो अजून चालतो, पण यादी, तक्ते, शोध अशा कामाला निरुपयोगी.

पण वेगाने पोट भरत नाही, नजरेने भरतं. नजर म्हणजे काय, ते एका नंबरवर दाखवते.

जीएसटीची नोंदणी असलेल्या दुकानाच्या बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा जीएसटी नंबर असतो. नवखा माणूस तो एकेक अक्षर वाचत टाइप करतो आणि ओ की शून्य, आय की एक, यावर अडखळतो. पण या नंबरला सांगाडा आहे. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा म्हणजे मालकाचा पॅन. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवर राज्यात घेतलेल्या कितव्या नोंदणीचा हा नंबर आहे ते सांगते, चौदावी जवळजवळ नेहमी झेड, आणि शेवटची पडताळणीसाठी. हे डोक्यात असलं की नंबरातली तिसरी ते सातवी जागा अक्षरांचीच, तिथे शून्य असूच शकत नाही. आठवी ते अकरावी आकड्यांची, तिथे ओ असू शकत नाही. शाई फुटलेली असली तरी तुम्ही चुकत नाही. आणखी एक गंमत: पॅनमधलं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. पी म्हणजे व्यक्ती, सी कंपनी, एफ भागीदारी पेढी, एच एकत्र हिंदू कुटुंब, टी ट्रस्ट.

एक्सेल हा दुसरा मास्तर, आणि खोडकर. बँकेच्या खात्याचा नंबर शून्याने सुरू होत असेल तर तो शून्य गिळतो. सोळा आकडी नंबर टाकला तर शेवटच्या आकड्याचा शून्य करतो, कारण तो पंधराच आकडे नीट सांभाळतो. ०३/०४ टाकलं तर इथल्या सेटिंगला ३ एप्रिल, अमेरिकन सेटिंगला ४ मार्च. या खोडीने मोठमोठे शास्त्रज्ञही बेजार झाले. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती, एक्सेल त्यांच्या परस्पर तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ झालं. तेव्हा एक्सेल बदललं नाही, माणसांनी जनुकांची नावं बदलली! आपण त्यापेक्षा सोपं करावं: टाइप करायच्या आधी तो रकाना निवडून 'टेक्स्ट' करून ठेवावा.

आणि एक शिस्त. कागदावर आहे तसंच उतरवायचं. विदर्भातले जाधव इंग्रजीत शेवटी ओ लावतात, गोव्यातल्या नायकांच्या नावाचं स्पेलिंग कधीकधी पोर्तुगीज वळणाचं असतं. आपल्याला ते चुकलेलं वाटतं आणि हात शिवशिवतो. दुरुस्त केलंत की बँकेत त्या माणसाचं नाव जुळत नाही. शंका आली तर शेजारच्या रकान्यात लिहा, मूळ नोंदीला हात लावू नका.

मराठी येणं हीच आता एक वेगळी कमाई होऊ लागली आहे. संगणकाला भारतीय भाषा शिकवायला बोललेली, लिहिलेली मराठी लागते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून निघालेली बंगळुरूची कार्या ही संस्था मोबाइलवर वाक्यं वाचून घेते, तपासून घेते आणि त्याचे पैसे देते. केंद्राचा भाषिणी प्रकल्प आल्यापासून अशी कामं वाढली आहेत. ती सलग मिळत नाहीत, प्रकल्प संपला की संपतात. पण तिथे तुमच्या बोलीला किंमत आहे, टायपिंगला नाही.

दर सांगायच्या आधी

काम मिळतंय म्हटल्यावर पोरं देतील त्या दराला हो म्हणतात. तसं करू नका. पहिली वीस बिलं घ्या, मोबाइलवर वेळ लावा. समजा एका बिलाला दीड मिनिट लागलं आणि दर दोन रुपये ठरला, तर तासाला चाळीस बिलं, ऐंशी रुपये. पण हाताने लिहिलेलं बिल आलं, त्यात आठ ओळींचा माल, की तेच तीन मिनिटं खातं आणि तासाचे चाळीस रुपये उरतात. तपासायचा वेळ वेगळा. म्हणून मी बिलावर दर न घेता ओळीवर घेते. दोन कर सल्लागारांना हे पटायला वर्ष लागलं, तोवर मी हाताने लिहिलेली बिलं वेगळी काढून परत पाठवायचे.

नव्या माणसाला आधी थोडं काम देऊन बघणं योग्यच आहे, वीस-पंचवीस नोंदी फुकट करून दाखवायला हरकत नाही. दोनशे मागितल्या तर तो नमुना नव्हे, फुकटचं काम. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: किती नोंदी, काय दर, पैसे कधी, चुका निघाल्या तर कितीदा दुरुस्त करून द्यायच्या. पहिल्या महिन्यात आठवड्याला हिशेब घ्या. पैसे देताना कोणी टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा आयकर, कापला तर तो आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनवर दिसायला हवा, बघत जा. खातं क्रमांक आणि पॅन द्यावेच लागतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आधार मागितलं तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं झाकलेलं आधार यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. ओटीपी, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड यांचा एन्ट्रीच्या कामाशी कधीच संबंध नसतो.

ती पोरगी आता सकाळी दोन तास माझ्याकडे बसते. पहिले आठ दिवस हार्डवेअरवाल्याची पिशवी तिच्या अंगावर आली, खिळे, वायर, पीव्हीसी पाइप. तिसऱ्या दिवशी सात बिलं परत आली. दोघी बसून काढली, सगळीकडे तारखेचाच घोळ होता. परवा मी चहा टाकत होते तर आतून हाक आली.

"काकू, या बिलाच्या नंबरात पॅनचं चौथं अक्षर सी आहे. पण वर नाव तर एका बाईचं लिहिलंय."

जाऊन पाहिलं. बिल बाईंचं, नंबर त्याच्यावरच्या बिलातल्या सिमेंट कंपनीचा. नोंद करताना पोरीनेच तो वरच्या ओळीतून खाली ओढला होता.